मुलींनीं एकट्यानें प्रवास करावा काय?

बारावीचे निकाल लागले म्हणजे आमच्या प्रवराकांठच्या बेलापुरांत दरसाल तोच संवाद पुन्हा ऐकूं येतो. मुलीस गुण चांगले मिळालेले असतात. पुण्यास किंवा नाशकास प्रवेश मिळण्याजोगा असतो. बापाची ऐपतही असते. इतकें सर्व जुळून आल्यावर घरांतील वडील मंडळींपैकीं कोणी तरी विचारतें, "पण तिला नेणार-आणणार कोण?" बापास दुकान सोडवत नाहीं, भावाची परीक्षा असते, काकांचा गुडघा दुखत असतो. अखेरीस मुलीचें नांव जवळच्या कॉलेजांत घालण्यांत येतें. तिला जो विषय शिकावयाचा होता तो तेथें शिकवीत नसले तरी त्याची कोणास खंत वाटत नाहीं. फीचे पैसे नव्हते म्हणून शिक्षण थांबलें तर आपण हळहळतों. सोबत मिळाली नाहीं म्हणून थांबलें तर त्यास आपण 'काळजी' हें गोड नांव देतों. ह्या काळजीचा जमाखर्च एकदां उघडपणें मांडून पाहावा, असें आम्हांस वाटतें.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, म्हणून प्रथम रोकडाच हिशेब घेऊं. १७ मार्च १९२३ नव्हे, तर २०२३ पासून, म्हणजे अगदीं अलीकडे, महाराष्ट्राच्या एस.टी.नें स्त्रियांस अर्धें तिकीट केलें आहे. मुलगी एकटी पुण्यास गेली व सुटींत परत आली, तर दोन अर्ध्या तिकिटांचें मिळून एक पुरें तिकीट होतें. तिच्याबरोबर भाऊ दिला तर तो पोंचवावयास जाऊन परत येणार आणि पुन्हा आणावयास जाऊन परत येणार. त्याचीं चार तिकिटें पुरीं. एकूण पांच. जें काम एका तिकिटांत होतें त्यास आपण पांच तिकिटें व वर दुकानाचे दोन दिवस मोजतों. कोणताही शहाणा दुकानदार अशी खरेदी करणार नाहीं. आणि केलीच, तर पांचपट किंमत देऊन माल खरोखर चोख मिळतो कीं नाहीं, हें तरी पारखून घेईल. सोबत ह्या मालाची पारख मात्र आपण कधींच केलेली नाहीं.

"काळ वाईट आहे," हें त्यावरील ठरलेलें उत्तर. तें खोटें आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. प्रवासांत छेडछाड होते, चोरी होते, कधीं त्याहून भयंकरही घडतें. जो हें नाकारील तो मुलींचा हितकर्ता नव्हे. परंतु भय खरें असलें म्हणजे त्यावरील प्रत्येक तोडगा खरा ठरत नाहीं. डिसेंबर २०१२ मध्यें दिल्लीस ज्या तरुणीवर बसमध्यें अत्याचार झाला, तिच्याबरोबर तिचा मित्र होता. ती एकटी नव्हती. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाचे अलीकडचे वार्षिक अहवाल पाहावे: बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत दहांपैकीं नऊंहून अधिक वेळां आरोपी हा त्या स्त्रीच्या ओळखीचाच निघतो. म्हणजे ज्या घराच्या, गल्लीच्या व नात्याच्या कुंपणांत मुलगी सुरक्षित आहे असें समजून आपण स्वस्थ निजतों, तेथेंच धोका अधिक. आणि परक्याच्या भयानें आपण तिची गाडी चुकवितों! ह्यावरून रस्ते निर्धोक आहेत असें कोणी समजूं नये. एवढेंच समजावें कीं, पुरुषाची सोबत म्हणजे कवच नव्हे, आणि घरीं बसविणें म्हणजे संरक्षण नव्हे. खरें संरक्षण तीन गोष्टींत आहे: वाटेची माहिती, प्रसंगीं बोलण्याचें धैर्य, आणि समाजानें केलेली व्यवस्था.

धैर्याची गोष्ट निघाली म्हणून एक जुनें उदाहरण देतों. ज्या श्रीरामपूर तालुक्यांत आमचें बेलापूर आहे, त्याच नांवाचें एक शहर बंगालमध्यें हुगळीच्या कांठीं आहे. तेथील कॉलेजांत फेब्रुवारी १८८३ मध्यें एक सतरा वर्षांची महाराष्ट्रीय स्त्री भाषणास उभी राहिली. ती म्हणजे आनंदीबाई जोशी. वैद्यकी शिकण्यासाठीं अमेरिकेस जाण्याचा त्यांचा निश्चय झाला होता, आणि लोकांनीं त्यांस जे प्रश्न विचारून भंडावून सोडलें होतें, त्यांचीं उत्तरें त्यांनीं जाहीर सभेंत एकेक करून दिलीं. 'एकटी कां जातेस?' हा त्यांतला एक प्रश्न होता. 'कांहीं संकट आलें तर काय करशील?' हा दुसरा. एकशें चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आमच्या ओट्यांवर विचारले जाणारे प्रश्न एका अक्षरानें बदललेले नाहींत. एप्रिल १८८३ मध्यें आनंदीबाईंनीं कलकत्ता सोडलें. बरोबर पति नाहीं, नातलग नाहीं. ओळख झालेल्या मिशनरी बायांची काय ती सोबत. जूनमध्यें त्या न्यूयॉर्कला पोंचल्या, आणि मार्च १८८६ मध्यें फिलाडेल्फियाच्या कॉलेजांतून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

कोणी म्हणेल, आनंदीबाई असामान्य होत्या. मग पार्वतीबाई आठवले ह्यांच्याकडे पाहावें. अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमांतील ही विधवा कार्यकर्ती. पन्नाशी जवळ आलेली, इंग्रजी बेताचेंच. तें शिकावें व संस्थेसाठीं पैसा जमवावा म्हणून ह्या बाई १९१८ सालीं अमेरिकेस गेल्या आणि पोटासाठीं तेथें परक्यांच्या घरीं काम करून राहिल्या. त्यांस कोणी जन्मतः धीट केलें नव्हतें. एक पाऊल टाकलें, तें जमलें, म्हणून दुसरें टाकलें. धैर्य येतें तें असेंच. तें रक्तांत नसतें, संवयींत असतें.

आतां व्यवस्थेकडे वळूं. आमच्या जिल्ह्यास ज्यांचें नांव २०२४ सालीं मिळालें, त्या अहिल्याबाई होळकर ह्याच जिल्ह्यांतील चौंडीच्या. त्यांनीं देशभर तीर्थांच्या ठिकाणीं घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या. यात्रेकरूनें धीट व्हावें असा उपदेश करून त्या थांबल्या नाहींत. तो रात्रीं कोठें उतरेल व पाणी कोठें पिईल, ह्याची त्यांनीं सोय केली. ग्रामीण मुलींस शाळेसाठीं मोफत प्रवास देणारी एस.टी.ची योजना आज त्यांच्याच नांवानें चालते, हें योग्यच आहे. रेल्वेचा कायदाही ह्या बाबतींत जुना आहे. १८९० च्या कायद्यानें प्रत्येक उतारू गाडींत खालच्या वर्गाचा निदान एक डबा स्त्रियांसाठीं राखणें भाग केलें, आणि गाडी पन्नास मैलांहून लांब जाणारी असल्यास त्यांत शौचकूप असलाच पाहिजे, असेंही ठरविलें. आजच्या १९८९ च्या कायद्यांत स्त्रियांच्या राखीव जागांचें कलम ५८ वें आहे. कलम १३९ तर प्रत्येक मुलीस पाठ असावें. बरोबर पुरुष नसलेल्या स्त्रीपाशीं तिकीट नसलें, तरी तिला वाटेल तेथें गाडींतून उतरवितां येत नाहीं. जेथें ती चढली तें स्थानक, जंक्शन, शेवटचें स्थानक किंवा जिल्ह्याचें ठिकाण, येथेंच उतरवितां येतें, आणि तेंही दिवसाउजेडीं. योगायोग असा कीं, रेल्वेचा मदतीचा दूरध्वनि क्रमांकही १३९ च आहे. तेव्हां एकच आंकडा लक्षांत ठेवला तरी दोन कामें होतात. कोणत्याही संकटांत पोलिसांसाठीं ११२ हा क्रमांक आहे. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांची गाडींत विचारपूस करण्यासाठीं रेल्वे सुरक्षा दलानें २०२० पासून 'मेरी सहेली' नांवाचीं पथकेंही नेमलीं आहेत. आणि गुन्हा वाटेंत कोठेंही घडो, तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यांत नोंदवून घेतलीच पाहिजे. 'आमच्या हद्दींत नाहीं' ही सबब चालत नाहीं. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्यें हें स्पष्टच लिहिलें आहे. हे हक्क कागदावर आहेत. पण ज्या मुलीस ते ठाऊकच नाहींत, तिच्या उपयोगीं ते कसे पडावे?

तेव्हां आमचें आईबापांस सांगणें असें कीं, मुलीस एकाएकीं मुंबईच्या गाडींत बसवूं नये, आणि जन्मभर दारांतही बसवूं नये. नव्या गिऱ्हाइकास आपण पहिल्याच दिवशीं हजारांची उधारी देत नाहीं. शंभराची देतों, ती फिटली म्हणजे पांचशेंची देतों. मुलीची पतही अशीच वाढवावी. चौदा-पंधराव्या वर्षीं तिनें एकटीनें श्रीरामपुरास जाऊन एखादें काम करून यावें. पुढें अहिल्यानगरास जावें. मग पुण्यास जावें. पहिल्या खेपेस वडील बरोबर असले तरी तिकीट तिनेंच काढावें, फलाट तिनेंच विचारावा, रिक्षाचें भाडें तिनेंच ठरवावें, आणि वडिलांनीं मुकाट्यानें मागून चालावें. दुसऱ्या खेपेस वडिलांनीं घरींच राहावें.

वाटेची माहितीही तोंडपाठ असावी. आमच्या गांवाच्या नांवाचाच घोळ पाहा. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं झाला व त्यावरील स्थानकास बेलापूर हें नांव मिळालें. पण तें स्थानक आज श्रीरामपूर शहरांत आहे, गांवांत नव्हे. नवी मुंबईंत दुसरें बेलापूर आहे, तें तर निराळेंच. नवख्या मुलीस हा भेद घरींच सांगितला नाहीं, तर ती कोठें उतरेल ह्याचा नेम नाहीं. दौंडासही कांहीं गाड्या मुख्य स्थानकांत न जातां जोडमार्गावरील निराळ्या स्थानकावरून जातात. म्हणून दौंडास उतरणारीनें आपली गाडी कोणत्या स्थानकावर थांबते, हें आधींच पाहून ठेवावें.

गाडी निवडतांना ती केव्हां सुटते ह्यापेक्षां केव्हां पोंचते हें पाहावें. परक्या शहरांत पहिलें पाऊल उजेडांत पडावें. पैसे दोन ठिकाणीं ठेवावे. फोन पुरता भरलेला असावा. पण घरचा व जेथें उतरावयाचें तेथील क्रमांक कागदावरही लिहिलेला असावा, कारण फोन हरवला म्हणजे त्यांतले सर्व क्रमांकही हरवतात. परक्यानें दिलेलें खाऊं-पिऊं नये. 'एकटीच आहेस का?' ह्या प्रश्नास 'घरचे न्यावयास आले आहेत' असें उत्तर देण्यांत पाप नाहीं. वाट विचारावयाची ती गणवेशधारी नोकरास, दुकानदारास किंवा मुलाबाळांसह बसलेल्या बाईस विचारावी. एस.टी.त कंडक्टरच्या नजरेसमोर बसावें. जागा नकोशी वाटली तर कारण सांगत न बसतां उठून दुसरीकडे जावें; मनाची पाल चुकचुकली तर तिचा मान राखावा. आणि कोणी अंगचटीस आला तर मोठ्यानें बोलावें.

ह्या शेवटच्या गोष्टीशीं आम्ही क्षणभर थांबतों, कारण येथेंच खरी अडचण आहे. ज्या मुलीस घरांत बारा वर्षें 'हळू बोल, खालीं बघ, उत्तर देऊं नकोस' असें शिकविलें, ती भरल्या गाडींत एकाएकीं ओरडेल कशी? आवाज हें शस्त्र आहे, आणि तें आपणच घरीं बोथट करून ठेवलें आहे. त्याहून वाईट म्हणजे, तिनें घरीं येऊन असा प्रकार सांगितला कीं आपण दुसऱ्या दिवसापासून तिचें जाणें बंद करतों. मग ती पुन्हा कधीं कांहीं सांगत नाहीं. अपराध दुसऱ्याचा आणि शिक्षा हिला, असा न्याय ज्या घरांत होतो, त्या घरांत मुलगी संकट लपविण्यास शिकते. आणि लपविलेलें संकट वाढतच जातें. म्हणून पहिल्या प्रवासाला निघतांना मुलीच्या हातीं शिदोरीबरोबर एक वचनही द्यावें: 'वाटेंत कांहींही घडलें तरी आम्हांस सांग, आम्ही तुझें जाणें थांबविणार नाहीं.'

आतां मुलांविषयीं. मुलगी एकटी जाते तेव्हां गाडींत तिच्याशेजारीं कोणाचा तरी मुलगाच बसलेला असतो. परक्या मुलीकडे टक लावून पाहूं नये, तिच्या अंगावर रेलूं नये, तिला कोणी त्रास देत असतां खिडकीबाहेर पाहत बसूं नये, हें आपण आपल्या मुलांस कधीं सांगितलें आहे काय? मुलींस सावध राहण्याचे धडे देणाऱ्या गांवानें मुलांस सभ्यतेचा एक तरी धडा द्यावा. आणि गांवकऱ्यांनींही आपलें काम करावें. स्थानकावरून गांवाकडे येणाऱ्या वाटेवर जेथें दिवा नसेल तेथें तो लावून घ्यावा, एस.टी. थांब्यावर स्त्रियांचें शौचगृह असावें व तें कुलूपबंद नसावें. थांब्याजवळच्या दुकानदारांनीं शेवटची गाडी येऊन जाईपर्यंत एक तरी फळी उघडी ठेवावी. ह्यांतलें पहिलें काम ग्रामपंचायतीचें व दुसरें एस.टी.चें आहे, तिसरें आमच्या व्यापारी बंधूंचें आहे, आणि त्यास कोणाच्याही मंजुरीची गरज नाहीं.

मुलींनीं एकट्यानें प्रवास करावा काय, ह्या प्रश्नास आमचें उत्तर असें आहे: अवश्य करावा, तयारीनें करावा, आणि त्या तयारीचा भार एकट्या मुलीवर टाकूं नये. ह्या वर्षीं निकाल लागतील तेव्हां 'तिला नेणार-आणणार कोण?' असें कोणी विचारलें, तर घरांतील कोणी तरी एवढेंच म्हणावें, 'ती स्वतः जाईल. आपण तिला गाडी केव्हांची आहे तेवढें विचारूं.'