दोन स्मारकांमधील पोकळी : नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणाचा मागोवा

नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यानंतरच्या सुमारे ऐंशी वर्षांत त्यांचे स्मरण कोणी आणि कुठे केले हे पाहू गेल्यास त्यांच्या चरित्रापेक्षा स्मारके उभारणाऱ्या सत्तांविषयीच अधिक कळते. तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. नाईक हे दोन फितींचे पद असून त्याच्या हाताखाली सेक्शन, म्हणजे सुमारे दहा जवानांची तुकडी असे. तुटपुंज्या शेतीवर भागत नसलेल्या कोकणातील घरांना गिरणी आणि पलटण हे दोन रस्ते पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे होते, आणि घाडगे यांची पलटण तर १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेनच्या लढाईत नाव कमावलेली होती.

जून १९४४ मध्ये रोम पडल्यानंतर जर्मन सैन्य एकेक टेकडी लढवत उत्तरेकडे सरकत होते. वरच्या टायबर खोऱ्यात त्याचा पाठलाग करणाऱ्या फौजांत भारतीय लष्कराची दहावी डिव्हिजन होती. तेथील एका बळकट ठाण्यावरील हल्ल्यात घाडगे यांचा सेक्शन अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात सापडला आणि त्यांच्याखेरीज सर्वजण ठार किंवा जखमी झाले. त्यांनी एकट्याने चाल करून हातबॉम्बने ती मशीनगन व ती चालवणारा निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले आणि गोळ्या संपल्यावर नवे मॅगझिन चढवण्याइतकीही उसंत नसल्याने तीच टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून ठार केले. दडून नेम धरणाऱ्या शत्रूच्या बंदूकबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून, एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांचा अंत झाला.

या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचे सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर जाहीर झाले, आणि व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी ते त्यांच्या पत्नीच्या हाती दिले. पदकासोबतचे प्रशस्तिपत्र हाच त्या प्रसंगाचा मुख्य आधार मानला जातो. परंतु अशा मजकुराला माणसाच्या आयुष्यातील काही मिनिटेच हवी असतात, त्यामुळे घाडगे यांची उरलेली बावीस वर्षे त्यात कुठेच येत नाहीत.

साम्राज्य गेल्यावर या स्मरणाला धनी उरला नाही, आणि याचे कारण केवळ अनास्था नव्हे. दिल्लीच्या इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धातील व १९१९ च्या अफगाण युद्धातील मृतांची नावे आहेत, तर २०१९ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर स्वातंत्र्योत्तर हुतात्म्यांची. परमवीर चक्रही १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमालाच लागू आहे. दुसऱ्या महायुद्धात पडलेला भारतीय जवान अशा रीतीने या दोन्ही स्मारकांच्या मधल्या पोकळीत राहिला. ज्या वर्षी देशातील अनेक नेते तुरुंगात होते, त्या वर्षी राज्यकर्त्यांच्या बाजूने लढलेल्या माणसाला राष्ट्रीय कथनात कुठे बसवायचे, हा पेच होताच, आणि तो सोडवण्यापेक्षा टाळणे सर्वांना सोयीचे गेले.

तालुक्याला असला पेच पडला नाही. माणगावला तहसील कार्यालयापाशी घाडगे यांचा पुतळा उभा राहिला. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर, म्हणजे ज्यांची ओळखीची कबर नाही अशांच्या नामावलीत, त्यांचे नाव कोरलेले आहे. पुढे जुलै २०२३ मध्ये पेरुजा प्रांतातील मोंतोने येथील नगरपालिकेने व इटालियन लष्करी इतिहासकारांनी त्यांच्या नावाने सावलीचे घड्याळ असलेले स्मारक उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. ज्या भूमीत युद्ध झाले तिथल्या लोकांनी परक्या सैनिकाची अशी दखल घ्यावी, हे दिल्लीला थोडे खजील करणारेच आहे.

मोंतोनेचे स्मारक घाडगे यांच्या नावाचे असले, तरी ते इटलीत लढलेल्या सर्व भारतीय सैनिकांना अर्पण केलेले आहे. त्या मोहिमेत ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक होते आणि त्यांपैकी ५,७८२ जणांना मृत्यू आला. इटलीत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैनिकांना मिळाले. उरलेल्यांची आठवण मात्र बहुतांशी दफनभूमींतील शिळांवरच राहिली. घाडगे यांच्या सेक्शनमधील जे जवान मशीनगनच्या पहिल्याच माऱ्यात पडले, त्यांची नावेही प्रशस्तिपत्रात नाहीत.