हाड त्याचं, रक्त कुणाचं?

रविवारी सकाळी कोलाड नाक्यावरच्या टपरीबाहेर सायकली टेकवलेल्या दिसतात. पहाटे पनवेल सोडलेली ही मंडळी सुकेळी खिंड उतरून आलेली असतात. चहा झाला की सुतारवाडी, विळे करत ताम्हिणीकडे वळतात. त्यांचं बघून मीही पन्नाशीत सायकल घेतली आणि मागच्या पावसाळ्यात खिंडीच्या उतारावर, मागे कोण येतंय ते बघायला मान वळवली आणि पडलो. चूक सर्वस्वी माझी. उजवं कॉलर बोन मोडलं. पुढचे सहा आठवडे खांदे मागे खेचून धरणारा पट्टा, शर्टाची बटणं बायकोने लावायची आणि शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. आंघोळीचा तांब्या उजव्या हाताने उचलायची सोय नव्हती.

त्या दिवसांत मी जुन्या टूर दी फ्रान्सची चित्रणं बघत बसायचो. २००३च्या टूरमध्ये पहिल्याच टप्प्यात, अखेरची रेघ जवळ आलेली असताना सगळा घोळका एकमेकांवर कोसळला आणि टायलर हॅमिल्टन या अमेरिकी सायकलपटूचं उजवं कॉलर बोन तडकलं. म्हणजे माझंच हाड, माझीच बाजू. तो दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून सायकलवर बसला. त्यानंतर तीन आठवडे आल्प्स आणि पिरेनीज ओलांडत तीन हजारांवर किलोमीटर चालवत राहिला. सोळाव्या टप्प्यात एकटाच पुढे सटकून बायोनला पहिला आला, आणि पॅरिसला एकूण चौथा. आदल्या वर्षी इटलीच्या जिरोमध्ये खांद्याचं हाड मोडलेलं असताना तो दुसरा आला होता. ‘दातओठ खाऊन’ असं आपण सहज म्हणतो. या गड्याने तेव्हा दात इतके आवळले होते की नंतर अकरा दात दुरुस्त करून घ्यावे लागले.

हे बघताना माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू?

पण पुढचंही सांगितलं पाहिजे. २००४ मध्ये स्पेनच्या व्हुएल्टात त्याची तपासणी झाली आणि त्याच्या रक्तात दुसऱ्याच कुणाच्या तांबड्या पेशी सापडल्या. दोन वर्षांची बंदी आली. तो नाकारत राहिला. शेवटी २०११ मध्ये त्याने उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली आणि अथेन्स ऑलिम्पिकचं सुवर्णपदक परत केलं.

सायकलपटूचं भांडवल म्हणजे स्नायूंना पोचणारा प्राणवायू, आणि तो वाहून नेणारे हमाल म्हणजे या तांबड्या पेशी. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी आलेलं ईपीओ हे औषध टोचलं किंवा रक्ताची पिशवी चढवली की हमाल वाढतात. रक्तातलं त्यांचं प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, धडधाकट पुरुषात साधारण ४० ते ५० टक्के असतं. ईपीओ पकडणारी चाचणीच नव्हती, म्हणून १९९७ पासून सायकलच्या जागतिक संघटनेने ५० टक्क्यांची मर्यादा घातली. इटलीच्या मार्को पंतानीचा पाय १९९५च्या अपघातात मोडला होता. त्यातून उठून १९९८ मध्ये त्याने जिरो आणि टूर दोन्ही जिंकल्या. पुढच्याच वर्षी, जिरोत आघाडीवर असताना, त्याचा आकडा ५२ भरला आणि त्याला घरी पाठवलं.

आता कौतुक करायचं की नाही? मोडलेल्या हाडाचा ठणका ईपीओने थांबत नाही. हॅमिल्टनने सोसलं ते खरंच सोसलं, याबद्दल मला शंका नाही. पण दिवसभर घाट चढून दुसऱ्या सकाळी पुन्हा उभं राहायला अंगात जे लागतं, ते चोरून भरलेलं असेल तर निकालाचं श्रेय त्याला एकट्याला देता येत नाही. दुखणं त्याचं, नंबर मात्र भागीदारीतला.

‘सगळेच घेत होते’ हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही, कारण फ्रेंच सायकलपटू क्रिस्तोफ बासोंस घेत नव्हता. १९९८ मध्ये त्याच्या फेस्टिना संघाचं डोपिंगचं प्रकरण उघड झालं, तेव्हा खुद्द साथीदारांनीच तो स्वच्छ असल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षीच्या टूरमध्ये वर्तमानपत्रातल्या आपल्या सदरात त्याने शर्यतीच्या वेगावर शंका घेतली. तर भर शर्यतीत लान्स आर्मस्ट्राँगने त्याला गाठून निघून जायला सांगितलं. बाकीच्यांनी बोलणं टाकलं. थोड्याच दिवसांत त्याने टूर सोडली. त्याचं एकही हाड मोडलं नव्हतं, तरी माझ्या लेखी तो हॅमिल्टनपेक्षा चिवट.

चिवटपणा आपल्याकडेही आहे. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पुरी केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या मुदतीत. या शर्यतीत काहींच्या मानेचे स्नायू असे हार मानतात की डोकं वर उचलताच येत नाही, हनुवटीला टेकू द्यावा लागतो. हे नुसतं वाचूनच माझा खांदा पुन्हा दुखायला लागला.

माझ्या गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात ‘ट्रामाडोल’ लिहिलेलं होतं. हे वेदनाशामक २०१९ पासून सायकल शर्यतींत आणि १ जानेवारी २०२४ पासून सगळ्याच खेळांत स्पर्धेच्या काळात वर्ज्य आहे. दुखापत आणि डोपिंग यांचं कपाट एकच असतं, ते असं. २०२४ मध्ये भारतात तपासलेल्या सात हजारांवर नमुन्यांपैकी २६० मध्ये बंदी असलेली द्रव्यं सापडली. त्यातले कितीजण नकळत अडकले, हे आकडा सांगत नाही.

आमच्या रोहा-पेण भागात कबड्डीचं वेड मोठं. सामन्याआधी सुजलेल्या गुडघ्यात इंजेक्शन घेऊन मैदानात उतरणारी पोरं मी पाहिली आहेत. ते स्टिरॉइडचं असेल तर २०२२ पासून स्पर्धेच्या काळात कुठल्याही मार्गाने टोचून घ्यायला बंदी आहे. तेव्हा खेळणाऱ्या पोरांनो, ‘नाडा’ या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या ‘नो युअर मेडिसिन’ या अ‍ॅपवर औषधाचं नाव आधी टाकून बघा, आणि डॉक्टरांना आपण स्पर्धेत खेळतो हे सांगा. मी सांगितलं नव्हतं, पण मला कोण तपासणार होतं!