आठ चाकांची जर्मन गाडी, एकास पस्तीस
ठाणे, प्रतिनिधी

दिवाळीत नौपाड्यातील किंवा डोंबिवलीच्या फडके रोडलगतच्या सोसायट्यांच्या आवारात मुलांनी बांधलेले किल्ले पाहिले, की एक गंमत हमखास आढळते. महादरवाजापाशी उभा केलेला मातीचा मावळा दरवाजाहून दीडपट उंच असतो, तोफ बुरुजाएवढी असते आणि पायथ्याच्या विहिरीत प्लॅस्टिकचे बदक पोहत असते. याला कोणी हरकत घेत नाही, घेऊही नये. परंतु याच मुलांपैकी एखादा मोठेपणी प्लॅस्टिकच्या 'स्केल मॉडेल'च्या नादी लागला, तर मात्र त्याची झोप अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने उडू लागते.

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाडे आणि चिलखती गाड्या हा या छंदातील सर्वांत लोकप्रिय विषय. अशा गाडीचे किट बाजारात आले, की जगभरातील छंदिष्ट त्याचे परीक्षण लिहितात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील छंदिष्टही ते वाचूनच खरेदीचा निर्णय घेतात, कारण खोका उघडून पाहण्याची सोय येथे फारशा दुकानांत नसते. हे परीक्षण वाचायचे कसे? त्यात नेमके काय तपासलेले असते, आणि काय राहून गेलेले असते?

उदाहरणादाखल एकच गाडी घेऊ. 'श्वेरर पान्झरश्पेवागन', म्हणजे जड टेहळणी चिलखती गाडी. या वर्गातील एक अस्सल जर्मन गाडी महाराष्ट्रातच आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर येथे, लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने फेब्रुवारी १९९४ मध्ये उभारलेल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये ती ठेवलेली आहे. तिच्या सोबतीला रोल्स रॉइसची जुनी चिलखती मोटार आहे, जपानी रणगाडे आहेत आणि १९६५ च्या युद्धात पकडलेले पाकिस्तानी पॅटनही आहेत. कल्याणहून मुरबाड आणि माळशेज घाटमार्गे जाणारा रस्ता थेट नगरला पोहोचतो. अंतर सुमारे २०० किलोमीटर. युरोपातील छंदिष्ट ज्या गाडीसाठी देशोदेशीची संग्रहालये पालथी घालतात, त्या वर्गातील नमुना कल्याणकरांना सकाळी निघून रात्री परत येण्याच्या टप्प्यात आहे.

आता खोक्यावरील नाव. जर्मन सैन्य आपल्या खास वाहनांना अनुक्रमांक देत असे. त्यातील २३१ हा क्रमांक आधी सहा चाकांच्या गाडीला होता. ट्रकच्या सांगाड्यावर बेतलेली ही गाडी रस्त्यावर बरी, पण शेतात, चिखलात दुबळी ठरली. तेव्हा ब्यूसिंग-नाग कंपनीच्या सांगाड्यावर १९३६ पासून आठ चाकांची नवी गाडी तयार होऊ लागली आणि तिलाही पुन्हा २३१ हाच क्रमांक मिळाला! त्याच सांगाड्यावर डोक्यावर पलंगाच्या चौकटीसारखा अवाढव्य एरियल असलेली २३२, आखूड नळीची ७५ मिलिमीटर तोफ असलेली उघड्या माथ्याची २३३ आणि फिरता मनोरा नसलेली बिनतारी संदेशांची २६३ अशी भावंडे निघाली. युद्धाच्या उत्तरार्धात आलेली २३४ दिसायला यांच्यासारखी असली, तरी तिचे बांधकाम वेगळे आणि इंजिन टाट्रा कंपनीचे डिझेलचे. त्यामुळे परीक्षणात केवळ 'आठचाकी जर्मन गाडी' असे लिहिलेले असेल, तर ते परीक्षण तेथेच मिटून ठेवावे.

मूळ गाडी अभियांत्रिकीच्या दृष्टीने विलक्षण होती. आठही चाकांना इंजिनाची शक्ती मिळे आणि आठही चाके वळत. पुढची चार एका दिशेला, तर मागची चार विरुद्ध दिशेला. चालक दोन असत, एक पुढे तोंड करून आणि दुसरा मागे. शत्रू अचानक समोर आला, तर गाडी वळवत बसण्याची गरज नव्हती. मागचा चालक सूत्रे हाती घेई आणि गाडी आली त्याच वेगाने उलटी पळे. चार जणांचे पथक, २० मिलिमीटरची तोफ, एक मशिनगन, आठ टनांहून थोडे अधिक वजन आणि चांगल्या रस्त्यावर ताशी सुमारे ८५ किलोमीटर वेग. मात्र पत्रा पातळ, सुरुवातीच्या गाड्यांत ८ ते १५ मिलिमीटर. ही गाडी लढायची नव्हती. पाहायचे, कळवायचे आणि निसटायचे, एवढेच तिचे काम.

हे सारे माहीत असल्याखेरीज किटची परीक्षा करता येत नाही. पहिली कसोटी अर्थातच मापाची. मूळ लांबी ५.८५ मीटर, तिला ३५ ने भागले की १६.७ सेंटिमीटर. रुंदी २.२ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये ६.३ सेंटिमीटर. पट्टी लावायला दोन मिनिटे पुरतात. १ मिलिमीटरची चूक म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटर. संपूर्ण लांबीत एवढी चूक डोळ्याला जाणवत नाही, पण तीच मनोऱ्याच्या उतारात किंवा चाकाच्या व्यासात असेल, तर गाडीचा चेहरामोहराच बदलतो. ३५ हा आकडा मात्र कोणत्याही शास्त्रातून आलेला नाही. जपानच्या शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी 'पँथर' रणगाड्याचे चालते मॉडेल केले, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार ठेवला. मागाहून मोजले, तर प्रमाण एकास पस्तीसच्या आसपास निघाले. कंपनीचे सूत्रधार शुनसाकू तामिया यांचे जुलै २०२५ मध्ये निधन झाले. बॅटरीच्या सोयीने ठरलेले त्यांचे हे प्रमाण आज जगभरच्या लष्करी मॉडेलांचे मानक आहे.

दुसरी कसोटी साच्याची. पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात आणि थंड झाल्यावर खिळ्यांनी ढकलून बाहेर काढतात. त्या खिळ्यांचे गोल ठसे भागांवर उमटतात. जाड भाग थंड होताना आत ओढला जातो आणि खळगा पडतो. साचा झिजलेला असेल, तर कडांना पापुद्रे सुटतात. परीक्षकाने हे दोष आहेत की नाहीत एवढेच सांगून भागत नाही, ते कुठे आहेत हे सांगायला हवे. गाडीच्या पोटाखालचा ठसा कोणाला दिसणार? तोच उघड्या झाकणाच्या आतल्या बाजूस असला, तर लांबी भरून पॉलिश पेपरने घासण्यात एक रविवार जातो.

पातळपणाचा प्रश्न याहून अवघड. १५ मिलिमीटरचा पत्रा एकास पस्तीसमध्ये ०.४३ मिलिमीटर होतो. साच्यातील प्लॅस्टिक साधारण १ मिलिमीटर जाडीचे असते, म्हणजे हिशेबाने साडेतीन सेंटिमीटर! या गाडीचे चाकांवरचे लांबलचक मडगार्ड ही तिची ओळख, आणि नेमके तेच किटमध्ये फळकुटासारखे जाड दिसण्याचा धोका असतो. म्हणून उत्पादक कडा आतून तिरप्या छाटतात किंवा खोक्यात कोरीव पितळी पत्रे देतात. पितळ दिसते झकास, परंतु ते प्लॅस्टिकच्या सिमेंटने चिकटत नाही आणि वाकवताना एकदा चुकले की चुकलेच. नवशिक्याला अशा किटची शिफारस करणारा परीक्षक एक तर फार हुशार असावा किंवा त्याने पितळी भागांची पाकिटे उघडलेली नसावीत.

येथेच परीक्षणांचे दोन प्रकार समजून घ्यावे लागतात. पहिल्यात केवळ खोका उघडून भाग पाहिलेले असतात. दुसऱ्यात गाडी प्रत्यक्ष जोडलेली असते. पहिला प्रकार लवकर प्रसिद्ध होतो आणि त्यात सर्वच किट सुंदर असतात. आठचाकी गाडीच्या बाबतीत तर हा प्रकार जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तिची खरी परीक्षा जोडणीत होते. आठही चाके जमिनीला टेकली पाहिजेत. कमानी, दांडे, सांधे अशा अनेक भागांतून एखादा केसभर तिरका बसला, तरी एक चाक अधांतरी राहते आणि लंगड्या टेबलासारखी गाडी डुगडुगते. चाके वळवून दाखवायची असतील, तर मागच्या जोड्या उलट दिशेला वळल्या आहेत ना, हेही पाहावे लागते. जोडणीपत्रकातील एक बाण चुकीचा वाचला, तर जगात कधीच नसलेली गाडी तयार होते.

तामियाचे एरियलवाले २३२ हे मॉडेल १९७० च्या दशकातील. भाग मोजके, जोडणी सरळ. पन्नाशीला टेकलेले हे किट आजही पहिल्या प्रयत्नासाठी वाईट नाही. तैवानच्या एएफव्ही क्लबने त्याच प्रमाणात काढलेली २३१ अधिक बारकाव्यांची आहे आणि साहजिकच अधिक संयम मागते. यांतील कोणते 'चांगले' याला एक उत्तर नाही. आठवडाभरात शोकेसमध्ये ठेवण्याजोगी गाडी हवी, की तीन महिने रोज रात्री जेवणानंतरचा तास द्यायचा आहे, यावर ते ठरते.

खर्चाचा विचार येथे परदेशापेक्षा वेगळा आहे. सीमाशुल्काच्या वर्गवारीत ही मॉडेल खेळण्यांच्याच शीर्षकाखाली, तीनचाकी सायकली आणि बाहुल्यांच्या शेजारी येतात. या गटावरील मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. जपानी किंवा युरोपीय परीक्षकाने 'पैसे वसूल' असा शेरा दिला, तरी तो त्याच्या बाजारभावाचा असतो. डोंबिवलीत त्या शेऱ्याला वाहतूक आणि शुल्काची जोड देऊनच वाचावे लागते.

रंगाचा अध्याय वादांचा आहे. जर्मन गाड्या १९४० च्या उन्हाळ्यापर्यंत करड्या आणि तपकिरी अशा दोन रंगांत होत्या. ३१ जुलै १९४० च्या आदेशाने त्या केवळ गडद करड्या झाल्या. आफ्रिकेसाठी मार्च १९४१ मध्ये पिवळट तपकिरी रंग ठरला आणि फेब्रुवारी १९४३ पासून सर्वच वाहनांना गडद पिवळा. खोक्यात दिलेली चिन्हे कोणत्या वर्षाची, कोणत्या तुकडीची, आणि रंगपत्रकातील रंग त्या वर्षी वापरात होता का, हे चांगला परीक्षक ताडून पाहतो. नगरच्या गाडीवरून मात्र रंग ठरवू नये. संग्रहालयांतील वाहने वेळोवेळी नव्याने रंगवली जातात. तेथून न्यावीत ती बोल्टांची, बिजागऱ्यांची, पत्र्याच्या सांध्यांची निरीक्षणे.

चिन्हांबाबत आणखी एक गोष्ट. जर्मनीत स्वस्तिकाच्या नाझी चिन्हाच्या प्रदर्शनावर कायद्याने निर्बंध असल्याने अनेक किटमध्ये ते चिन्ह नसते किंवा दोन तुकड्यांत विभागून दिलेले असते. काही परीक्षक ही उणीव म्हणून नोंदवतात. तिला उणीव म्हणणे पटण्यासारखे नाही.

कारण ही गाडी शोकेसमध्ये देखणी दिसत असली, तरी तिचा इतिहास परका नाही. रोमेलच्या आफ्रिकेतील टेहळणी तुकड्यांकडे याच आठचाकी गाड्या होत्या आणि त्यांच्यासमोरच्या सैन्यात भारतीय होते. एप्रिल १९४१ मध्ये लिबियातील मेचिली येथे तिसरी इंडियन मोटर ब्रिगेड वेढली गेली. वेढा फोडताना तिचे अनेक जवान शत्रूच्या हाती पडले. पुढल्या वर्षी, २० जून १९४२ रोजी सकाळी, तोब्रुकच्या आग्नेय तटबंदीवर जर्मन विमाने आणि तोफांचा मारा झाला. तेथे अकरावी भारतीय ब्रिगेड होती आणि हल्ल्याचा पहिला आघात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीवर, 'काली पांचवी'वर, बसला. खिंडार पडताच त्यातून रणगाडे आत शिरले. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले आणि सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. कोकणातल्या आणि देशावरच्या घरांतून गेलेली माणसे त्यात होती. आफ्रिकेतील पिवळट रंगात आठचाकी गाडी रंगवणाऱ्याने, रंग सुकेपर्यंत, एवढे वाचून काढायला हरकत नाही.

या बाजूच्या मॉडेलांचा दुष्काळ हीही तक्रार रास्त आहे. भारतीय लष्कराने वापरलेल्या सेंच्युरियन, एएमएक्स-१३ किंवा टी-५५ यांची किट मिळतात, पण त्यांत भारतीय तुकड्यांची चिन्हे क्वचितच असतात. ती हाताने रंगवावी लागतात किंवा कोणाकडून तरी छापून घ्यावी लागतात. त्यासाठीही नगरची वारी उपयोगी पडते.

शेवटी हवामानाचा मुद्दा, जो परदेशी परीक्षणात कधीच नसतो. काही किटमधील रबरी टायर मऊ ठेवण्यासाठी वापरलेले द्रव्य कालांतराने प्लॅस्टिकचे चाक विरघळवते आणि उष्ण हवेत ही क्रिया वेगाने होते. चाकाच्या धावेला आधी रंगाचा थर दिला, तर बचाव होतो. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत लॅकर फवारले, तर त्यावर पांढुरकी धूसर साय धरते. वन-बीएचकेत गॅलरीतच फवारणी करावी लागत असल्याने तिला दारे-खिडक्या लावूनही उपाय नाही, शिवाय थिनरच्या वासाची घरच्यांची तक्रार वेगळीच. म्हणून जून ते सप्टेंबर भाग कापावेत, घासावेत, जोडावेत. रंगाची बाटली दसऱ्यानंतर उघडावी.