साखळीचा हिशेब – लेखांक ९ : शंभर नावांची वही

साखळी-योजनेतलं 'डावा पाय, उजवा पाय' आज उलगडू, असा शब्द मागच्या आठवड्यात दिला होता. तो लेखांक पुढे ढकलतो आहे, कारण मधेच कराडहून एक पत्र आलं.

पत्र लिहिणाऱ्या ताईंचा मुलगा पुण्यात वसतिगृहात राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तो बारा हजार रुपये मागतच. घरबसल्या बिझनेस आहे, कॉलेज सांभाळून करता येतो, तीन महिन्यांत पैसे सुटतात, असं म्हणाला. ताईंनी विचारलं, "विकायचं काय?" त्यावर त्याचं उत्तर : "आई, विकायचं काही नसतं गं. फक्त लोकांना सांगायचं." ताई पुढे लिहितात, 'या एका वाक्यानं माझी झोप उडाली आहे. रागावले तर तो माझ्याशी बोलणंच टाकेल. काय करू?'

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो, पण थोडं वळण घेऊन. माझ्या कपाटात गेली पंधराएक वर्षं एक वही आहे. तिच्याबद्दल कधीतरी लिहायचंच होतं.

शिकवत होतो त्या काळात मी अकरा वर्षं वसतिगृहाचा रेक्टरही होतो. दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा सत्र अर्धवट टाकून गावी निघून गेला. सामान न्यायला आला तेव्हा दोनशे पानी वही कॉटखाली राहिली होती. ती त्याच्या हातात दिली तर म्हणाला, "नको सर. तुम्हीच ठेवा, नाहीतर जाळून टाका." जाळली नाही. संख्याशास्त्राचा मास्तर आकड्यांची वही जाळत नाही.

पहिल्या पानावर लाल शाईत 'माझी लिस्ट'. खाली एक ते शंभर आकडे आधीच घालून ठेवलेले. समासात अपलाइनची, म्हणजे त्याला साखळीत आणणाऱ्या वरच्या माणसाची, सूचना शब्दशः उतरवलेली : विचार करू नका, लिहीत चला, कोण हो म्हणेल, कोण नाही, हे तुम्ही ठरवायचं नाही. मग रकाने : नाव, नातं, फोन, 'बोललो', 'प्लॅन दाखवला', 'फॉलो-अप', 'निकाल'. पहिली चौदा नावं त्याच्याच मजल्यावरची, खोल्यांच्या क्रमानं. त्यानंतर शाळेतले मित्र. तिशीच्या पुढे घर येतं : मामा, दोन मावश्या, आत्याचे यजमान, चुलतभावाची बायको. बावन्नाव्या क्रमांकावर मेसचे काका. एकसष्टला झेरॉक्सच्या दुकानातला दादा. अठ्ठ्याहत्तरला नुसतं 'इस्लामपूर गाडीचे कंडक्टर', नाव माहीत नव्हतं म्हणून जागा मोकळी सोडलेली. शहाऐंशीनंतर आकडेच आहेत, नावं नाहीत. एकोणीस वर्षांच्या मुलाची माणसं तिथे संपली.

'निकाल' या रकान्यात तीन ठिकाणी 'हो' आहे. दोन त्याच मजल्यावरचे मित्र, तिसरा मामा. वर्षाअखेर तिघांचेही पैसे अडकले. मामांनी त्याच्या घरी येणं सोडलं, हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

ही वही मी कितीतरी वेळा चाळली असेल. तिच्यात जे नाही ते माझ्या लक्षात फार उशिरा आलं. सात रकाने आहेत, पण 'माल घेतला' असा रकाना नाही. साबण, पावडर, तेल, जे काय त्या साखळीत होतं ते कुणी पैसे देऊन घेतलं का, किती घेतलं, पुन्हा मागितलं का, हे लिहायला जागाच ठेवलेली नाही. ज्या धंद्याच्या वहीत गिऱ्हाइकाचा रकाना नाही, त्या धंद्यात विक्री कशाची होते? त्या शहाऐंशी नावांची.

आता वसतिगृहच का, हे सांगतो. मुलं उत्साही असतात, बोलकी असतात, त्यांच्याकडे वेळ असतो, ही कारणं सगळेच देतात आणि ती खरीही आहेत. पण वर बसलेल्या माणसाला कॉलेज आवडतं त्याचं कारण वेगळं आहे आणि ते गणितातलं आहे.

पाचशे अकरा मुलांचं एक वसतिगृह धरा. पहिला मुलगा दोघांना आणतो, ते प्रत्येकी दोघांना. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन्न. नवव्या ओळीला बेरीज बरोबर पाचशे अकरा होते आणि वसतिगृह संपतं. शेवटच्या ओळीतल्या दोनशे छप्पन्न जणांच्या खाली कुणीच नाही. म्हणजे वरच्या सगळ्यांच्या बेरजेहून एक डोकं जास्तच. त्यांच्या वरच्या एकशे अठ्ठावीस जणांच्या खाली फक्त दोघं-दोघं. दोन्ही ओळी मिळून तीनशे चौऱ्याऐंशी होतात, पाचशे अकरातले तीन चतुर्थांश. सगळे प्रामाणिक असले, सगळे मर मर राबले, तरी ही वाटणी बदलत नाही. तुझ्यात जिद्द कमी पडली, असं ज्या मुलाला शेवटी ऐकवलं जातं तो नवव्या ओळीत उभा होता, एवढाच त्याचा दोष.

अशी साखळी गावात सुरू केली तर गाव आटतं. नातेवाईक एकदा दुरावले की नवे मिळत नाहीत. कॉलेज मात्र आटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये नवी बॅच येते, घरापासून पहिल्यांदाच लांब आलेली, कुणीतरी ओळखीचं हवं असलेली. जुने पोळलेले पदवी घेऊन निघून जातात आणि त्यांच्याबरोबर पोळल्याची आठवणही जाते. नव्या मुलाला सावध करायला कॉरिडॉरमध्ये कुणी उरत नाही. दरवर्षी आपोआप भरणारी यादी, तीही आई-वडिलांच्या खिशाला जोडलेली, दुसरीकडे कुठे मिळणार?

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. मी सर्वांत बारकाईनं अभ्यासलेला खटला अमेरिकेतला आहे. ॲरिझोना राज्यातली व्हेमा ही कंपनी २००४ साली निघाली. पौष्टिक पेयं विकायची, त्यात 'व्हर्व' नावाचं एनर्जी ड्रिंक. पुढे तिनं कॉलेजच्या मुलांवर भर दिला आणि त्या मोहिमेला 'यंग पीपल रेव्होल्यूशन' असं नाव पडलं. सुरुवातीला पाचशे-सहाशे डॉलरचं पॅक घ्या, मग बोनसला पात्र राहायचं तर महिन्याला दीडशे डॉलरचा माल घेत राहा, आणि माणसं आणा. आलिशान गाड्यांची चित्रं होतीच. दीडशे गुणिले बारा अठराशे, वर पॅकचे सहाशे. शिकणारा मुलगा वर्षात चोवीसशे डॉलर घालवून बसतो आणि खोलीत पेयाचे डबे साचतात. २०१३ आणि २०१४ या दोन्ही वर्षांत कंपनीची उलाढाल वीस कोटी डॉलरच्या वर होती.

ऑगस्ट २०१५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं कंपनीला कोर्टात खेचलं. आरोप स्पष्ट होता : ही पिरॅमिड योजना आहे, कारण इथे पैसा माल खपवण्यापेक्षा माणसं आणण्यातून मिळतो. डिसेंबर २०१६ मध्ये तडजोड झाली. रक्कम २३ कोटी ८० लाख डॉलरची ठरली, पण त्यातली बहुतेक वसुली स्थगित ठेवण्यात आली. मला त्या रकमेपेक्षा तडजोडीतली एक अट मोलाची वाटते. साखळीबाहेरच्या खऱ्या गिऱ्हाइकांना होणाऱ्या विक्रीतून निम्म्याहून जास्त उत्पन्न येत नसेल, तर अशा तऱ्हेनं मोबदला वाटता येणार नाही. माझ्या वहीत नसलेला रकाना तिथे कायद्यानं उघडायला लावला.

त्याच कमिशननं १९७९ साली ॲमवेच्या प्रकरणात ती योजना पिरॅमिड नसल्याचा निर्णय दिला होता, तेव्हाही कंपनीचे असेच नियम विचारात घेतले होते. घेतलेल्या मालातला सत्तर टक्के माल खपवायचा, महिन्याला दहा वेगवेगळ्या किरकोळ गिऱ्हाइकांना विक्री करायची, न खपलेला माल परत घेण्याची सोय ठेवायची. ते नियम प्रत्यक्षात कितपत पाळले जातात, हा वाद वेगळा आणि मोठा आहे. पण कसोटी गिऱ्हाइकाचीच राहिली.

विद्यार्थ्यांनी दारोदार जाऊन विकण्यात मला काहीच गैर वाटत नाही, हे इथे ठासून सांगायला हवं. टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या साउथवेस्टर्न कंपनीनं १८६८ पासून विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत पुस्तकं विकायला पाठवलं. सुरुवात बायबलपासून झाली. अनोळखी दार ठोठावायचं, नकार पचवायचा, पुस्तक दाखवायचं, खपलं तर पैसे. काम अंग मोडणारं आहे आणि त्यावर टीकाही होते. पण अनोळखी माणसाला पुस्तक विकणं आणि शेजारच्या कॉटवरच्या मित्राला साखळीत ओढणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात हरलात तर एक दुपार वाया जाते. दुसऱ्यात शेजारची कॉट वर्षभर तुमच्याशी बोलत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत चीननं सरळ रेघ मारली. १ डिसेंबर २००५ पासून तिथे लागू झालेल्या थेट विक्रीच्या नियमांत विक्रेता म्हणून कुणाला घ्यायचं नाही याची यादी आहे. तिच्यात पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थी आहेत आणि शिक्षकही आहेत. शिक्षकांचं नाव वाचून मला फार बरं वाटलं. वर्गात ज्याच्या हातात गुण आहेत त्यानं विद्यार्थ्यापुढे प्लॅन मांडणं हा जुलूमच आहे. आपल्याकडे असे शिक्षक मी पाहिले आहेत.

आपल्याकडे अशी यादी नाही, पण कायदे आहेत, आणि ते मुलांना कुणी सांगत नाही. १९७८ च्या प्राइझ चिट्स ॲक्टचं तिसरं कलम पैसे फिरवण्याच्या योजना चालवायलाच बंदी घालून थांबत नाही. अशा योजनेत सभासद व्हायला आणि भाग घ्यायलाही बंदी घालतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे. २०२१ चे थेट विक्रीचे नियम पिरॅमिड योजनेत कुणाला भरती करून घ्यायला कंपनीला आणि विक्रेत्यालाही मनाई करतात. म्हणजे कॉरिडॉरमधल्या चौदा मित्रांना प्लॅन दाखवणारा मुलगा फसलेला तर आहेच, पण योजना बेकायदा निघाली तर तो स्वतःही अडकतो. अकरावी-बारावीची मुलं तर बहुधा अठराच्या आतली असतात. करार कायद्याप्रमाणे त्यांना करारच करता येत नाही.

ताई, आता तुमच्याकडे. पैसे देऊ नका, पण रागावूही नका. त्याला म्हणा, "बाळा, मला प्लॅन दाखव, मी पूर्ण ऐकते." मधे बोलू नका. तो लीडरच्या गाडीबद्दल सांगेल, तेही ऐकून घ्या. संपलं की एवढंच विचारा : तुझ्या अपलाइनकडून माल घेणारी, पण स्वतः साखळीत नसलेली दहा माणसं कोण? गेल्या महिन्यात त्यांनी काय घेतलं? त्याला उत्तर ठाऊक नसणार. त्याला ते अपलाइनला विचारू दे आणि उत्तर लेखी मागू दे. दहा नावं खरोखर आली, तर मला पुन्हा पत्र लिहा, आपण ती नावं एकेक तपासू. आली नाहीत, तर नवव्या ओळीचं गणित त्याच्यासमोर कागदावर मांडा. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, बेरीज त्याला समजेल.

आणि बाकीच्या वाचकांना एक विनंती. तुम्ही कुणाच्या तरी वहीतले मामा, मावशी किंवा झेरॉक्सवाले दादा असाल. प्लॅन दाखवायला आलेल्या भाच्याचा फोन तुम्ही उचलणं बंद केलं असेल. साखळीला 'नाही' म्हणालात ते बरोबरच होतं. पण त्या मुलाला आज स्वतःहून फोन करा आणि त्याची परीक्षा कधी आहे ते विचारा.

डावा पाय, उजवा पाय पुढच्या आठवड्यात, नक्की.