फ्रीजजवळची वही

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिराच्या आसपास राहणारी एखादी आई दीड महिन्याच्या बाळाला लस टोचायला नेते, तेव्हा तिला सुई दिसते आणि बाळाचं भोकाड ऐकू येतं. आरोग्य केंद्राचा कारभार कसा आहे हे तिला कुठून कळणार? तो आतल्या खोलीत, वरून झाकण उघडणाऱ्या एका फ्रीजपाशी असतो. आणि तो चक्क मोजता येतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

केंद्राच्या साहेबांना विचारलं तर ‘सगळं व्यवस्थित आहे’ हेच उत्तर मिळणार. निकोलस ब्लूम आणि जॉन व्हॅन रीनन या अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर तोड काढली. हो-नाहीचे प्रश्न टाळायचे, मागच्या खेपेला अडचण आली तेव्हा नेमकं काय केलंत असं विचारून माणसाला बोलतं करायचं आणि उत्तराला १ ते ५ गुण द्यायचे. आपल्याला गुण दिले जाताहेत हे बोलणाऱ्याला ठाऊकच नसतं. कारखान्यांपासून सुरू झालेली ही पद्धत पुढे रुग्णालयांतही गेली. ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तर आपल्या तारापूर आणि शेजारच्या उंबरगावच्या कापड गिरण्यांत ३८ साध्या कार्यपद्धती रुजवून पाहिल्या. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली.

सरकारी आरोग्य केंद्रांसाठी आपल्याकडे राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आहेत. प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण. प्रमाणपत्रासाठी साधारण ७० टक्के लागतात. पडताळणी चार वाटांनी होते: डोळ्यांनी पाहायचं, कर्मचाऱ्यांशी बोलायचं, नोंदी वाचायच्या आणि रुग्णाला विचारायचं. एका वाटेवर झाकलेलं दुसरीवर उघडं पडतं, ते असं.

फ्रीजजवळ तापमानाची वही असते. दिवसातून दोनदा नोंद, आत २ ते ८ अंश. महिनाभर सकाळ-संध्याकाळ फक्त ४, ४, ४ आणि तेही एकाच शाईत दिसलं, तर मला शंका येते. मे महिन्यात या शहरात पारा चाळिशी ओलांडतो, झाकण उघडतं, मिटतं. खऱ्या वहीत आकडा थोडा हलणारच. कुठे ५, कुठे ६.५, एखाद्या दिवशी समासात ‘दुपारी लाइट नव्हती’. मला ही समासातली ओळ फार मोलाची वाटते.

मग सिस्टरला विचारायचं, “लाइट गेली तर काय करता?” जाणती सिस्टर आधी म्हणते, झाकण उघडत नाही. या फ्रीजच्या भिंतींत बर्फाचा थर असतो, २४ तासांत ८ तास वीज मिळाली तरी तो तग धरतो. लस हलवायचीच झाली, तर ती आइस पॅक बाहेर काढून ठेवते आणि थोड्या वेळाने कानाशी धरून हलवते. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच पॅक लसीच्या डब्यात. कडक गोठलेल्या पॅकशेजारी हिपॅटायटिस-बीची लस गोठते आणि वाया जाते. काही लसी उष्णतेपेक्षा गोठण्यानं लवकर मरतात, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत असतं? तिला ते कान देऊन कळतं.

पोलिओच्या कुपीवरही एक साक्षीदार असतो: गडद वर्तुळात फिकट चौकोन. कुपीनं आजवर सोसलेली सगळी उष्णता तो साठवत जातो, हळूहळू काळवंडतो. वर्तुळाच्या रंगाला पोचला की कुपी बाद. कारखान्यापासून इथवर कोणी कुठे हयगय केली याची बेरीज मिलिमीटरभर शाईत!

शेवटी बाहेर जायचं, पायऱ्यांवर बसलेल्या आईकडे. टोचल्यावर सिस्टरनं चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, ताप आला तर काय करायचं, पुढे कधी यायचं, कार्ड जपून ठेवा. तिला विचारायचं, “ताई, काय काय सांगितलं तुम्हाला?” आई बाळाला खांद्यावर घेते, पदराखालून कार्ड काढते आणि पुढच्या तारखेवर बोट ठेवते.