थ्री-नॉट-थ्रीचा नेम

देवळाली प्रवरेच्या शिवारात ज्वारी राखणारा माणूस गोफण कशी मारतो, पाहिलेत का? (तोफखान्याची देवळाली ती नाशिकजवळची, ही राहुरी तालुक्यातली.) दगड तो पाखरांच्या रोखाने सरळ सोडीत नाही, जरा वर सोडतो. बंदुकीच्या गोळीलाही गुरुत्वाकर्षण चुकत नाही.

जुन्या एन्फील्ड बंदुकीची नळी 0.303 इंच व्यासाची, म्हणून ती 'थ्री-नॉट-थ्री'. गोळी सेकंदाला सुमारे 744 मीटर वेगाने सुटते. हवेचा विरोध सोडून गणित करून पाहा: 100 मीटरला 0.134 सेकंद लागतात, तेवढ्यात गोळी 9 सेंटिमीटर खाली येते. 200 मीटरवर? दुप्पट नव्हे, चौपट: 35 सेंटिमीटर! म्हणून मागच्या साइटवर अंतराचे आकडे असतात. अंतर वाढवले की ती साइट उंच होते आणि नेम जुळवताना नळीचे तोंड आपोआप वर उचलले जाते.

दोन्ही साइट्समध्ये अंतर सुमारे अर्धा मीटर. पुढचे पाते मागच्या खाचेत 1 मिलिमीटर सरकले, तर 100 मीटरवर चूक 20 सेंटिमीटरची! समरूप त्रिकोण मांडा, पटेल. आता गंमत अशी की खाच, पाते आणि लक्ष्य ही तिन्ही डोळ्याला एकदम स्पष्ट दिसत नाहीत. तेव्हा नजर पुढच्या पात्यावर ठेवायची. लक्ष्य पुसट दिसले तरी चालते. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. तिथे दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटरचे असते!

काडतुसे भरण्यातही मेख आहे. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे हवी. ती मागे राहिली, तर बोल्ट पुढे ढकलताना कडेत कड अडकते आणि बंदूक मुकी होते. पाच-पाच काडतुसांच्या दोन पट्ट्यांनी मॅगझिन भरते. एकेक भरताना मात्र हा क्रम हातानेच सांभाळावा लागतो.

सैन्याने 1960 नंतर 7.62 मिलिमीटरची बंदूक घेतली. तिच्या काडतुसाला अशी कड नाही, खाच आहे. पोलिसांकडे मात्र थ्री-नॉट-थ्री राहिली. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुकांसमोर पोलिसांच्या हाती तीच होती, दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागणारी.