शेवटच्या बाकावरचं व्हायोलिन आणि ३० मिलिसेकंद

मागच्या आठवड्यात आईने शेजारच्या काकूंना अभिमानाने सांगितलं की आमची मुलगी जर्मनीत विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्रात वाजवते. काकूंचा पहिला प्रश्न, "जुनी गाणी का नवी?" त्यांचं काही चुकलं नाही. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत मांडवाबाहेर होणारी हिंदी गाण्यांची रात्र. इथला ऑर्केस्ट्रा वेगळा आहे: साठ-सत्तर विद्यार्थी, त्यात भौतिकवाले, वैद्यकवाले, कायद्याचे, थोडे माझ्यासारखे पीएचडीत अडकलेले, आणि समोर एक कंडक्टर (बसमधला नव्हे). आठवड्यातून एका संध्याकाळी तालीम, सत्रात एकदा शनिवार-रविवार कुठेतरी बाहेरगावी जाऊन घासाघीस, आणि शेवटी मैफल.

माझं संशोधन पातळ धातूंच्या थरांवर आहे, संगीताशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण मी दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या बाकावर बसते आणि गेल्या सत्राच्या मैफलीत आमची अख्खी मागची रांग एका वेगवान जागी घसरली. कुणी ओरडलं नाही, पण तेव्हापासून मी जिथे मिळेल तिथून यावरचे शोधनिबंध वाचत सुटले आहे. प्रश्न साधा आहे: सत्तर माणसं एकत्र वाजवतात म्हणजे नेमकं काय करतात?

आधी आकडेमोड. २० अंश तापमानाला आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. समजा, ट्रॉम्बोनवाले पहिल्या व्हायोलिनपासून १० मीटर मागे बसलेत. व्हायोलिनचा सूर त्यांच्या कानी २९ मिलिसेकंदांनी पोहोचतो. तो ऐकून, अगदी त्याच क्षणी त्यांनी फुंकलं, तरी त्यांचा सूर परत पुढे यायला आणखी २९. कंडक्टरच्या कानात ते ५८ मिलिसेकंद मागे. हे मोठं आहे का? मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्यात चार सूर असतील, तर एका सुराला १२५ मिलिसेकंद मिळतात. म्हणजे बिचारे ट्रॉम्बोनवाले प्रामाणिकपणे, कान देऊन वाजवूनही जवळजवळ अर्धा सूर उशिरा! ऑर्केस्ट्रात मागे बसलेल्याने कानावर विश्वास ठेवला की तो हमखास मागे पडतो.

आता तुम्ही म्हणाल, मग व्यावसायिक लोक तरी बिनचूक एकत्र असतात का? नसतात. रुडॉल्फ राश या डच संशोधकाने १९७९ साली तीन-तीन वादकांचे गट मोजले. जे सूर एकदम सुरू व्हायला हवेत ते साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांनी मागेपुढे होते. आणि ऐकणाऱ्याला ते एकत्रच वाटतात. तेव्हा अचूक एकत्र असणं हे उद्दिष्टच नाही. घोटाळा होतो तो चुका एकाच दिशेने साठत गेल्या की.

हे साठणं कसं होतं, याचा मला सगळ्यात आवडलेला प्रयोग अमेरिकेत स्टॅनफर्डला ख्रिस शेफ आणि सहकाऱ्यांनी केला. दोन माणसं दोन वेगळ्या खोल्यांत, कानाला हेडफोन, आणि दोघांनी मिळून एक टाळ्यांचा ठेका धरायचा. मध्ये संशोधक हळूच विलंब घालतात. विलंब २० मिलिसेकंदांच्या पुढे बराच गेला की दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि लय मंदावत जाते. हे अपेक्षितच. पण विलंब १० मिलिसेकंदांहून कमी केला तर लय चढत जाते! सगळ्यात स्थिर ठेका मिळतो तो थोडा विलंब असतानाच, म्हणजे साध्या खोलीत चार-सहा मीटरवर समोरासमोर बसल्यासारखं.

असं का, ते समजायला एक जुनं निरीक्षण उपयोगी पडतं. मेट्रोनोमबरोबर बोटाने टकटक करायला सांगितलं तर बहुतेक लोक ठोक्याच्या किंचित आधी बोट टेकवतात. आपण ठोका ऐकून वाजवत नाही, पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज घेऊन वाजवतो. तबलजी समेची वाट बघत नाही, समेवर जाऊन उभा राहतो, तसंच. दोघंही किंचित घाई करणारे आणि मध्ये विलंब शून्य, तर घाईवर घाई चढते. थोडा विलंब ती घाई खाऊन टाकतो. फार विलंब झाला की अंदाजही पुरत नाही. (२०२० मध्ये सगळ्या विद्यापीठांचे ऑर्केस्ट्रा बंद पडले तेव्हा झूमवर तालीम का जमली नाही, याचंही उत्तर हेच. घरगुती इंटरनेटवरच्या व्हिडिओ कॉलचा विलंब या मर्यादेच्या कितीतरी पुढे असतो.)

मग मागच्या बाकावरच्याने करायचं काय? डोळे वापरायचे. प्रकाशाला १० मीटर म्हणजे काहीच नाही. कंडक्टरची काठी आणि पहिल्या व्हायोलिनच्या मुख्य वादकाचा गज यावर नजर ठेवून, कानाला जे थोडं लवकर वाटतं तिथे वाजवायचं. ऐकायला सोपं आहे, करताना अंगावर येतं, कारण कान सतत ओरडत असतो की तू चुकतेयस. इटलीतल्या एका गटाने २०१२ साली व्हायोलिनवादकांच्या गजांवर आणि कंडक्टरच्या काठीवर सेन्सर लावून कोणाची हालचाल कोणाला ओढते हे मोजलं. काठीचा प्रभाव जिथे वाढला आणि वादकांचा एकमेकांवरचा प्रभाव कमी झाला, तिथलं वादन जाणकारांना जास्त चांगलं वाटलं. लोकशाहीवादी मनाला हे जरा लागतं, पण शेवटच्या बाकावरून पटतं.

खरं तर हे मला पुण्यातच कळायला हवं होतं. कॉलेजात दोन वर्षं मी ढोल-ताशा पथकात होते. पथक रस्त्यावर ३० मीटर लांब पसरलं की एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोहोचायला ८७ मिलिसेकंद लागतात. म्हणूनच पुढून हात वर होतो, मधल्या रांगा तो मागे पोहोचवतात, आणि बदल हातावर होतो, आवाजावर नाही. सरावाला पहिल्याच दिवशी दम मिळाला होता, "ऐकू नकोस, बघ!" तेव्हा तो नुसता दम वाटला.

पथकाची आठवण दुसऱ्याही कारणाने येते. जुलैपासून नदीकाठी सराव, पण मग गणपतीत मिरवणुकांवर मिरवणुका. पहिलीत चुकलेलं दुसरीत सुधारायचं. इथे पंधरा तालमींना एक मैफल, फार तर दोन. चुकलं की पुढची संधी पुढच्या सत्रात, पुढचं सत्र म्हणजे वेगळ्या रचना, आणि अर्धी माणसं पदवी घेऊन गेलेली. व्हायोलिनला तरी जागा असते. बासरीवाल्यांचं दुखणं वेगळंच: जागा दोन-तीन आणि उमेदवार ढीगभर. ट्रॉम्बोनला घेतलंच तर ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीत ते तीन भाग गप्प बसून चौथ्यात वाजवतात. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत झांजेचा अख्ख्या रचनेत एकच आघात आहे. त्या एका आघातासाठी कुणी पंधरा बुधवार यायचं, हे मला अजून पचलेलं नाही. म्हणून विद्यार्थी ऑर्केस्ट्रे रचना निवडताना आधी माणसं मोजतात. ब्राम्सचंच अकॅडेमिक फेस्टिव्हल ओव्हर्चर इतकं लोकप्रिय आहे त्याचं एक कारण मला तरी हेच दिसतं. ब्रेसलाऊ विद्यापीठाने, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफने, त्याला १८७९ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. त्याची परतफेड म्हणून त्याने विद्यार्थ्यांची गाणी गुंफून ही रचना केली आणि जानेवारी १८८१ मध्ये तिथे जाऊन स्वतः सादर केली. ट्यूबा, त्रिकोण, झांजा, मोठा ढोल, सगळ्यांना काम.

पूर्वी असं नव्हतं. लाइपझिगला कायद्याचा विद्यार्थी असताना टेलेमानने १७०२ च्या सुमारास विद्यार्थ्यांचा एक वाद्यवृंद उभा केला. १७२९ मध्ये त्याची सूत्रं बाखकडे आली. हे लोक झिमरमानच्या कॉफीघरात दर आठवड्याला वाजवत, उन्हाळ्यात बागेत, आणि जत्रेच्या काळात आठवड्यातून दोनदा. दर आठवड्याला! समोर कॉफी पिणारे खरे श्रोते. माझं स्पष्ट मत आहे की आमच्यासारख्यांनी एका मोठ्या रात्रीऐवजी सत्रात चार-पाच लहान कार्यक्रम करावेत, विभागाच्या जिन्यात, वृद्धाश्रमात, पदवीदानाला, कुठेही. आमच्या समितीत हे मी दोनदा मांडलं. उत्तर मिळालं: वाद्यं हलवायला गाडी कोण देणार?

आता गेल्या सत्रातल्या घसरणीकडे. मैफल एका चर्चमध्ये होती, कारण सत्तर वादक आणि श्रोते मावतील आणि भाडं परवडेल अशी जागा बहुतेक तीच असते. तिथे आम्हाला एकच तालीम मिळाली, तीही रिकाम्या चर्चमध्ये. यातली मेख १८९५ सालापासून माहीत आहे. हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द पाच सेकंदांहून जास्त घुमत राही आणि कुणाला काही कळत नसे. वॉलेस सेबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला ते दुरुस्त करायला सांगितलं. तो शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचा, किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते मोजायचा, आणि पुन्हा नेऊन ठेवायचा. त्यातून आलेलं सूत्र आजही वापरतात: घुमण्याचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण.

समजा चर्च ८००० घनमीटरचं आहे आणि रिकामं असताना ५ सेकंद घुमतं. म्हणजे शोषण साधारण २५८ चौरस मीटर. कपडे घालून बसलेला एक माणूस सुमारे अर्ध्या चौरस मीटरइतका आवाज शोषतो. ४०० लोक आले तर शोषण ४५८, आणि घुमणं उतरतं २.८ सेकंदांवर. शंभरच आले तर ४.२. तालमीत सगळं एकमेकांत मिसळत होतं म्हणून कंडक्टरने लय उतरवली. संध्याकाळी चर्च भरलं, आवाज स्वच्छ झाला, त्याने लय पुन्हा चढवली, आणि आम्ही मागचे अजून तालमीच्याच लयीत कानाने वाजवत होतो. वर फेब्रुवारीची थंडी. आवाजाचा वेग तापमानाबरोबर कमी होतो, त्यामुळे हवेची वाद्यं उतरतात, अंशाला जवळजवळ ३ सेंट (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). फुंकरीची ऊब थोडं सावरते. तारा मात्र थंडीत आखडून चढतात. दोघं दोन दिशांना.

या सत्राची मैफल पुढच्या शनिवारी, त्याच चर्चमध्ये. यावेळी मी कंडक्टरला सेबिनचं गणित कागदावर मांडून दिलंय आणि तालमीच्या दिवशी बाकांवर आमचे सगळ्यांचे कोट पसरून ठेवायचं ठरलंय. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना बोलावलंय. वाचकांपैकी कुणी या भागात असाल तर या, प्रवेश मोफत आहे. फक्त दारात कोट काढून देऊ नका, घालूनच बसा.